सासूबाईंच्या चालीनं पुणं बघा

पत्र : आम्ही अमरावतीचे. यजमानांना हिंजवडी फेज ३ मध्ये नोकरी लागली आहे आणि मे अखेर पुण्याला बिऱ्हाड हलवायचं आहे. थोरली मुलगी जूनमध्ये दुसरीत जाईल. धाकटा तीन वर्षांचा आहे, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नाहीत. भाडं तीस हजारांपर्यंत झेपेल. नातेवाइकांपैकी कोणी बाणेर म्हणतं, कोणी वाकड, कोणी कोथरूड. रविवारी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायची आमची सवय आहे, ती मोडायची इच्छा नाही. राहायचं कुठे आणि जेवायला जायचं कुठे, हे नव्या शहरात कसं ठरवायचं?

उत्तर :

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न एकाच फेरीत सुटतील. संध्याकाळी सात वाजता सासूबाई घरातून निघाल्या, पायी खायच्या जागी पोचल्या, जेवल्या आणि नऊच्या आत घरी परतल्या, हे ज्या भागात जमतं तो भाग तुमचा. बाणेर की वाकड हा वाद त्यानंतरचा.

आधी यजमानांचा रस्ता बघू, कारण घराचं वेळापत्रक त्यावरच बसतं. हिंजवडीचं आयटी पार्क मुंबई-बंगळूरु महामार्गाच्या पश्चिमेला आहे आणि वसलेली, शाळा-दवाखाने असलेली बहुतेक वस्ती पूर्वेला. म्हणजे रोज दोनदा महामार्ग ओलांडणं आलं. ओलांडायच्या जागा मोजक्याच : वाकडचा पूल, भूमकर चौक, ताथवडे-पुनावळ्याचे भुयारी मार्ग आणि खाली बालेवाडी-म्हाळुंग्याकडून. संध्याकाळी सहा ते साडेआठ सगळी गर्दी इथेच तुंबते, आणि जोराचा पाऊस झाला की भुयारी मार्गांत पाणी साचतं. घर दाखवणारा एजंट ‘ऑफिस फक्त आठ किलोमीटर’ म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. पण मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला फेज ३ पासून त्या घरापर्यंत किती वेळ लागतो, हा आकडा तुम्हाला हवा आहे. तो यजमानांनी एकदा स्वतः प्रवास करूनच काढावा. रविवारी दुपारी घर बघायला गेलात तर तोच रस्ता वीस मिनिटांत संपतो आणि माणूस फसतो.

आता भाग. फेज ३ किंवा माण-मारुंजीच्या मोठ्या संकुलांत राहिलात तर यजमान दहा मिनिटांत घरी येतील. पण तो पट्टा ग्रामपंचायतींचा आहे. संकुलाच्या फाटकाबाहेर पडलं की सासूबाईंना चालायला सलग फुटपाथ नाही, पाण्यासाठी टँकरचा आधार मोठा, आणि रात्री मूल आजारी पडलं तर दवाखान्यासाठी वाकडच गाठावं लागतं. मूल नसलेल्या जोडप्याला ही जागा चालते. तुमच्यासाठी ती नको. कोथरूड राहायला उत्तम, पण फेज ३ ला रोज तिथून जाणं म्हणजे यजमान मुलांना फक्त झोपलेली बघणार. बाणेर-बालेवाडी सोयीचं आहे. मात्र तीस हजारांत तिथे घर बेताचं मिळेल, आणि बाणेरचा बराच भाग टेकडीच्या उतारावर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, हे घर बघताना कोणाच्या लक्षात येत नाही.

आमचं मत पिंपळे सौदागरकडे झुकतं. शिवार चौक, कोकणे चौक, कुणाल आयकॉन रोड हा पट्टा सपाट आहे, रस्ते रुंद आहेत, आणि बालरोगतज्ज्ञ, औषधांची दुकानं, भाजी, बागा, खायच्या जागा सगळं पायी अंतरात आहे. यजमानांना वाकडपेक्षा रोज वेळ जास्त लागेल. ती किंमत एक माणूस मोजेल आणि बाकी चौघांचा दिवस सोपा होईल. वाकडच हवं असेल तर दत्त मंदिर रस्ता किंवा कस्पटे वस्तीच्या बाजूला, महामार्गापासून आत बघा. महामार्गाच्या सेवारस्त्याला लागून असलेलं घर स्वस्त मिळतं, पण बाल्कनीचं दार उघडता येत नाही इतका आवाज आणि धूळ असते.

शाळा घराच्या आधी ठरवा. दुसरीचा प्रवेश आयत्या वेळी मागायचा म्हणजे कोणाची जागा रिकामी झाली आहे का ते शोधणं, त्यामुळे आजपासून पाच-सहा शाळांना फोन सुरू करा. राज्य मंडळाच्या शाळा पुण्यात जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या उशिरा उघडतात, म्हणून अमरावतीच्या अंदाजानं थांबलात तर इथले पहिले दिवस बुडतील. सीबीएसईच्या शाळा तर एप्रिलमध्येच सुरू झालेल्या असतात. शाळा सोडल्याचा दाखला, शेवटचं प्रगतिपत्रक, जन्मदाखला आणि आधार मूळ प्रतींसह हातात असू द्या. दाखला कुरिअरनं मागवायची वेळ आणू नका. स्कूल बसचा मार्ग विचारताना ‘बस येते का’ एवढ्यावर थांबू नका. आपला थांबा कितवा, हे विचारा. पहिल्या थांब्यावर चढणारं मूल सगळ्यांना गोळा करत तासभर फिरतं. सात वर्षांच्या मुलीला एका बाजूला अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नये.

घर बघायला दोन दिवस काढा, आणि ते बुधवार-गुरुवार असू द्या. देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज किंवा पाणी बंद ठेवायची पुण्याकडे जुनी रीत आहे. त्या दिवशी सोसायटीत गेलात तर लिफ्ट जनरेटरवर चालते की नाही ते न विचारता कळेल. सासूबाईंसाठी हा प्रश्न स्वयंपाकघराच्या आकारापेक्षा मोठा आहे. लिफ्ट जमिनीच्या पातळीवर येते का, तेही पाहा. पार्किंगच्या वर उंच जोतं असलेल्या बऱ्याच इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच सात-आठ पायऱ्या असतात.

पाण्याचं खुलेपणानं विचारा. वाकड आणि पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतात, आणि ती नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी देते. ज्या सोसायटीची टाकी मोठी आहे तिथे हे जाणवतही नाही, जिथे लहान आहे तिथे टँकर येतो. मालक ‘चोवीस तास पाणी’ म्हणेल, म्हणून वॉचमनला विचारा : एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात? टँकरचा खर्च देखभालीत धरलेला असतो की भाडेकरूकडून वेगळा घेतात? बाथरूमचे नळ आणि शॉवर जवळून पाहा. त्यांच्यावर पांढरा खडूसारखा थर असेल तर बोअरचं जड पाणी येतं. मग गीझर आणि फिल्टर दोन्हींची दुरुस्ती तुमच्या माथी बसणार, तेव्हा ती कोणी करायची ते करारात लिहून घ्या.

नदीकाठचं घर स्वस्तात मिळत असेल तर जुलै २०२४ मध्ये इथे पाणी कुठवर आलं होतं, हे आसपासच्या दुकानदाराला विचारा. त्या महिन्यात खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्यानं सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत तळमजले बुडाले होते. मुळा आणि पवनेच्या काठच्या सखल भागांनाही दरवर्षी हीच धास्ती असते. पुराचं पाणी कुठवर चढू शकतं हे सांगणारी निळी आणि लाल पूररेषा महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशात दाखवलेली असते.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा अकरा महिन्यांचा होतो. ‘नोटरीवर भागवू’ असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो नोंदवावाच लागतो आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. शाळेत आणि गॅससाठी पत्त्याचा पुरावा म्हणूनही नोंदणीकृत करार उपयोगी पडतो. खर्च फार नाही. अकरा महिन्यांच्या भाड्यात अनामतीवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क भरायचं. भाडं ३०,००० आणि अनामत एक लाख धरली तर हे शुल्क साधारण ८५० रुपये होतं. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. घरी येऊन बोटांचे ठसे घेणारा माणूस याशिवाय आपली फी घेतो. एजंटचं कमिशन, घर सोडताना रंगकामाचे किती कापणार, आणि सहा महिन्यांच्या आत निघालात तर काय, या तीन गोष्टी टोकन देण्याआधी लिहून घ्या. टोकन दिल्यावर त्यांवर बोलायची ताकद राहत नाही.

आता जेवणाचं. भाग पक्का करण्याआधी त्या दोन दिवसांतच ही फेरी मारा.

पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ लिहिलेलं असतं, पण महाराष्ट्रात त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक साधं उडप्याचं किंवा थाळीचं हॉटेल. दुसरं, खाली परमिट रूम आणि वर ‘फॅमिली सेक्शन’. दुसऱ्या प्रकारात जेवण वाईट असतं असं नाही. पण फॅमिली सेक्शन बहुतेक वेळा पोटमाळ्यावर, अरुंद जिन्यानं चढून जायचा असतो, म्हणजे सासूबाईंसाठी बाद. हे फोनवर विचारून घ्या : ‘फॅमिली खाली बसते की वर? कमोडचं बाथरूम त्याच मजल्यावर आहे का?’ दुसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात, आणि त्यावाचून पंचाईत होते.

नकाशावरचे तारे बघून ठरवू नका. चार तारे कॉलेजच्या मुलांनी दिलेलेही असतात. त्या ठिकाणच्या अभिप्रायांत ‘हाय चेअर’, ‘सीनियर सिटिझन’, ‘वॉशरूम’, ‘वेटिंग’ असे शब्द इंग्रजी आणि देवनागरी दोन्हींत शोधा आणि गेल्या सहा महिन्यांतलेच वाचा. आचारी बदलला की दोन वर्षांपूर्वीचा अभिप्राय निरुपयोगी ठरतो. ग्राहकांनी टाकलेले फोटो मेनूपेक्षा जास्त सांगतात. टेबलांमधून बाबागाडी जाईल का, खुर्चीला पाठ आहे की नुसतं बाकडं आहे, ते त्यांत दिसतं.

मग कामाच्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला जाऊन एकच पदार्थ मागवा. ऑर्डर दिल्यापासून ताट टेबलावर यायला किती मिनिटं लागली ते बघा. वीसच्या वर गेली तर रविवारी साडेआठला तिथे तीन वर्षांच्या मुलाला घेऊन जाऊ नका. रविवारी रात्रीची रांग साडेसात-आठनंतर वाढते. सातला बसलेलं कुटुंब सव्वाआठला उठतं, तोवर बाहेर नावं लिहायला सुरुवात झालेली असते. सकाळी नऊच्या आतला नाश्ता तर लहान मुलं आणि वयस्कर दोघांनाही सोपा. हॉटेलांनी भरलेल्या बालेवाडी हाय स्ट्रीटला जायची इच्छा असेल तर सकाळी किंवा दुपारी जा. शुक्रवार-शनिवार संध्याकाळी तिथल्या संगीताच्या आवाजात सासूबाईंशी बोलता येणार नाही.

अमरावतीच्या जिभेबद्दल दोन शब्द. पुण्यात पोह्यांबरोबर तर्री येत नाही आणि आमटीत गूळ असतो. ‘सांबार’ म्हटलं की इथे इडलीबरोबरचं सांबार येईल, कोथिंबीर नाही. उलट मुलीसाठी ‘कमी तिखट’ म्हणालात तर बऱ्याच ठिकाणी तीच लाल ग्रेव्ही जरा सढळ दही-क्रीम घालून येते. ‘हिरवी मिरची नको, लाल तिखट नको, गरम मसाला नको’ असं एकेक नाव घेऊन सांगा, किंवा सरळ वरण-भात, फुलका, दही मागवा. मिसळ खायची असेल तर कट वेगळ्या वाटीत मागा. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ गोडसर वळणाची, कर्वे रस्त्यावरची काटा किर्र झणझणीत. तुम्हाला आवडेल ती दुसरी, आणि मुलांना तिथे काही खाता येणार नाही.

पाहुणे आले की शहरात जाऊन थाळी खायची तर आपटे रस्त्यावरचं श्रेयस किंवा टिळक रस्त्यावरचं दुर्वांकुर. अमर्याद थाळीत दोघांनी एक ताट घेऊ देत नाहीत, त्यामुळे लहान मुलांचा दर काय आणि कितव्या वर्षापर्यंत, हे बसण्याआधी विचारा. पिंपळे सौदागरहून रिक्षानं कासारवाडी किंवा नाशिक फाट्याचं मेट्रो स्टेशन गाठा. स्वारगेटकडे जाणारी ही जांभळी मार्गिका सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण सुरू आहे. आपटे रस्त्यासाठी सिव्हिल कोर्टला (जिल्हा न्यायालय स्टेशन) गाडी बदलून छत्रपती संभाजी उद्यानला उतरता येतं. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्टेशन ३३ मीटर खोल आहे, तिथे सरकत्या जिन्यांच्या रांगेत न शिरता सासूबाईंना घेऊन थेट लिफ्ट शोधा.

बिलावर सेवाशुल्क लावलेलं दिसलं तर ते ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतं. बिलावर १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांकही असायला हवा, १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. ज्याच्या बिलावर तो नाही तिथे लहान मुलाला खाऊ घालू नका.

धाकट्याच्या ॲलर्जीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं, कारण मराठी स्वयंपाकात शेंगदाणा दिसत नाही तिथेच जास्त असतो. पोह्यांतला दिसतो, तो बाजूला काढायची चूक होते. काढूनही त्याचा अंश पोह्यांना लागलेलाच राहतो. न दिसणारा कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, खमंग काकडीत, उपवासाच्या प्रत्येक पदार्थात असतो. वडापावची सुकी चटणी, मिसळीचं फरसाण, काही उडप्यांची पांढरी चटणी, यांतही तो सापडतो. साबुदाणा वडा तळलेल्या कढईत बटाटवडा तळला तर तोही धोक्याचा. थाळीच्या हॉटेलात वाढपी एकाच डब्यातल्या चार वाट्यांतून झरझर वाढत जातो आणि कोशिंबिरीचा चमचा भाजीत जातो. म्हणून धाकट्याचं ताट थाळीतून भरू नका, त्याच्यासाठी वेगळा भात-वरण आतून, स्वच्छ चमच्यानं आणायला सांगा.

तेलाचा प्रश्न वेगळा. हल्ली पुण्यात ‘लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल’ ही अभिमानाची पाटी असते. अशा घाण्याच्या तेलात शेंगदाण्याची प्रथिनं उरतात आणि ॲलर्जी प्रथिनांचीच असते. तेव्हा ती पाटी दिसली की पुढच्या हॉटेलात जा. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ राहत नाहीत, पण ते तुमच्या मुलाला चालेल की नाही हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

निघण्यापूर्वी अमरावतीच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या : कशाची ॲलर्जी, आधी काय झालं होतं, कोणतं औषध किती द्यायचं, ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनची गरज आहे का. अंगावर गांधी उठणं आणि ओठ सुजणं यानंतर उलट्या, आवाज घोगरा होणं किंवा श्वासाला त्रास सुरू झाला तर ॲलर्जीच्या सिरपवर विसंबून थांबायचं नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं. १०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे. पण घर घेतानाच रात्रभर बालरोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय कोणतं आणि संध्याकाळी सातच्या गर्दीत तिथे पोचायला किती मिनिटं लागतात, ते एकदा जाऊन बघा. बालवाडीतही हाच कागद द्या आणि वाढदिवसाला वाटला जाणारा खाऊ त्याला तुमच्या डब्यातूनच मिळेल असं बाईंशी ठरवा.

हॉटेलात वेटरला तोंडी सांगणं पुरत नाही. तो मराठी असला तरी आत भटारखान्यात काम करणारी मुलं बहुधा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा किंवा नेपाळची असतात. त्यांना ‘शेंगदाणा’ कळेलच असं नाही, आणि ‘कूट’ तर नाहीच. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत लिहून, प्लास्टिकचं आवरण घालून जवळ ठेवा. ऑर्डर देतानाच ते मॅनेजरच्या हातात द्या आणि आत आचाऱ्याला दाखवून परत आणायला सांगा. मजकूर एवढाच :

‘या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. शेंगदाणे, कूट, शेंगदाण्याची चटणी, शेंगदाणा तेल काहीही नको. चमचा, तवा, कढई धुतलेली हवी.

इस बच्चे को मूंगफली (सिंगदाना) से एलर्जी है। मूंगफली, उसका चूरा, चटनी, तेल कुछ भी नहीं डालना। चम्मच, तवा, कड़ाही धुली हुई होनी चाहिए।’

कार्ड बघून मॅनेजर ‘काही नाही होणार, थोडंसंच असतं’ म्हणाला तर उठा. ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणून आत गेला, तर त्या हॉटेलचं नाव आणि त्या मॅनेजरची कामाची वेळ लिहून ठेवा. घराजवळ अशी दोन-तीन ठिकाणं सापडली की घराचा करार करायला हरकत नाही.